भर मेमध्ये उत्तरेला!

मे उजाडला की ऑफिसात एकच चर्चा, मनाली की काश्मीर? यंदा मीही सांगून टाकलं, 'मी उत्तरेला चाललोय.' फक्त नगर जिल्ह्याच्या! (आता अहिल्यानगर म्हणायचं.) जिल्ह्याच्या उत्तर टोकाला गोदावरीकाठी कोपरगाव आहे. आपल्या लेखी ते शिर्डीसाठी उतरायचं स्टेशन. गाडीतून उतरलो, जीप पकडली, सुटलो. मी मात्र अख्खा दिवस तिथेच काढला, तोही पारा चाळिशीपार असताना.

पहिला नियम: ऊन चढायच्या आत बेटात पोचा. गोदावरीलगतच्या या भागाचं नावच बेट. तिथे शुक्राचार्यांचं मंदिर आहे, जवळच कचेश्वर. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या शिकायला कच शुक्राचार्यांकडे आला, देवयानी त्याच्या प्रेमात पडली आणि हा पठ्ठ्या 'तू तर गुरुभगिनी' म्हणून चालता झाला. ते सगळं इथेच घडलं, असं गाव मानतं. इथे लग्नाला मुहूर्त बघावा लागत नाही, असंही सांगतात. रजेच्या हिशेबाने लग्नाची तारीख काढणाऱ्यांनी नोंद घ्यावी!

कोपरगावचा दुसरा रहिवासी खरा इतिहासातला, राघोबादादा. खऱ्याखुऱ्या उत्तरेला जाऊन आलेला माणूस. 1758च्या उन्हाळ्यात त्यांच्या फौजा लाहोरात होत्या. पुढे पुतण्याचा खून, इंग्रजांशी हातमिळवणी, आणि 1782च्या सालबाईच्या तहानंतर पेन्शन घेऊन कोपरगाव. पुढच्याच वर्षी, 11 डिसेंबर 1783ला ते वारले. पुण्यात त्यांचं नाव निघालं की आपण फक्त 'ध'चा 'मा' आठवतो. इथे त्यांच्या वाड्यापाशी उभं राहिलं की लाहोर ते कोपरगाव हा उतार जाणवतो.

दुपारी बाहेर पडायची सोय नाही. मित्राच्या मावशीकडे मुक्काम ठोकला. मागच्या अंगणात ड्रम, पिंपं, कळश्या, रिकाम्या बाटल्यासुद्धा काठोकाठ भरलेल्या. 'काकू, लग्नबिग्न आहे का घरात?' 'लग्न कसलं, काल नळ आला होता. आता परत कधी येईल ते आवर्तन सुटल्यावर बघू.'

आवर्तन म्हणजे कालव्याला सोडलेलं पाणी. नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यातून इंग्रजांच्या काळात काढलेले गोदावरीचे कालवे इथला ऊस जगवतात आणि गावाचे साठवण तलावही भरतात. वर नाशिकची धरणं, खाली जायकवाडी, मधे कोपरगाव. वाटपाची भांडणं तिन्हीकडे. गाव नदीवर, नळाला मात्र दिवसांचा खाडा! संजीवनी हे नाव इथे शाळा-कॉलेजांनाही दिलंय. काकूंच्या मते खरी संजीवनी तासाभरात येऊन जाते, तेवढ्यात भरून घ्यायची. हात धुतलेलं पाणी त्यांनी माझ्यादेखत तुळशीला घातलं. मी मुकाट्याने आंघोळ एका बादलीत उरकली.

उन्हं कलल्यावर रिक्षाने कोकमठाणला गेलो. गोदाकाठी यादवकालीन धाटणीचं महादेवाचं जुनं मंदिर, खाली दगड आणि वर विटांचं शिखर. आपल्याकडच्या जुन्या देवळांत विटांची शिखरं फार उरलेली नाहीत, त्यामुळे हे चुकवू नका. याच गावाच्या हद्दीत समृद्धी महामार्गाचं शिर्डी इंटरचेंज आहे. नागपूरहून तिथवरचा रस्ता 2022च्या 11 डिसेंबरलाच खुला झाला. राघोबांच्या तारखेला, निव्वळ योगायोगाने. गाड्या सुसाट शिर्डीकडे वळत होत्या. देवळात मी, पुजारी आणि पारव्यांचा थवा.