आगींतून फुफाट्यांत

‘आगींतून निघून फुफाट्यांत पडणें’ हा वाक्प्रचार आम्हीं बारामती व इंदापूर तालुक्यांतील शाळांतून तीस वर्षें मुलांना शिकविला. वाक्यांत उपयोग करा असें सांगितलें म्हणजे कोणी सावकाराचें उदाहरण देई, कोणी सासरचें. त्याचें शब्दशः उदाहरण आपल्याच ओसरीवर पसरलेलें असेल अशी मात्र आम्हांस कल्पना नव्हती. गेल्या वैशाखांत तें आमच्या ध्यानीं आलें. आणि ज्या घरांत रांगतें मूल आहे त्या प्रत्येक घरीं तें कळावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमचें कुटुंब चार पिढ्यांचें. मातोश्रींचें वय अठ्ठ्याऐंशी वर्षें, सर्वांत धाकट्या नातवाचें अकरा महिने. चिरंजीवांच्या खोलींतील स्पंजाची जुनी गादी एका कोपऱ्यांत फाटली होती. ती टाकूं न देतां आम्हीं ओसरीवर टीव्हीपाशीं पसरली आणि नातवास तीवर सोडलें. वापरांतील वस्तु टाकूं नये हा आमच्या पिढीचा धर्मच आहे. फाटक्या कोपऱ्यांतून पिवळसर भुगा पडे आणि नातू तो चिमटीनें उचलून तोंडांत घाली. दुसऱ्याच दिवशीं सूनबाईनें गादी उचलली. ती रसायनशास्त्राची पदवीधर आहे. आम्हांस राग आला, हें कबूल केलें पाहिजे. ती शांतपणें म्हणाली, “बाबा, गादी जुनी झाली म्हणून नाहीं उचलली, ती झडूं लागली म्हणून उचलली. पुढचें तुम्हीच वाचून पाहा.” तिनें दिलेले लेख वाचतां वाचतां राग गेला आणि काळजी आली.

स्पंज व प्लॅस्टिक हे पदार्थ बहुधा खनिज तेलापासून होतात. जाड लाकूड पेटावयास वेळ लागतो. स्पंज पाहतां पाहतां भडकतो. घरोघर विजेचीं उपकरणें आलीं तसें हें भय वाढलें, आणि त्यावर उपाय म्हणून टीव्ही व संगणक यांचीं कवचें, विजेच्या तारांवरील आवरणें, मोटारींतील आसनें, परदेशांत भिंतींमध्यें भरण्यांत येणारें थर्मोकोल यांत ब्रोमिन, क्लोरिन किंवा फॉस्फरस यांचीं संयुगें मिसळण्याचा प्रघात पडला. यांसच अग्निरोधक द्रव्यें म्हणतात. ज्योत जळते तेव्हां तींत चंचल अणूंची एक साखळी चालूं असते. ब्रोमिन त्या अणूंस पकडून ती साखळी तोडतो आणि ज्योत मंदावते. युक्ति चांगली आहे. दोष निराळाच आहे. यांपैकीं पुष्कळ संयुगें प्लॅस्टिकशीं रासायनिक रीतीनें जोडलेलीं नसतात, नुसतीं मिसळलेलीं असतात. हिंगाची डबी कितीहि घट्ट लावली तरी फडताळास वास लागतोच. त्याचप्रमाणें हीं द्रव्यें वर्षानुवर्षें हळूहळू बाहेर पडतात आणि घरांतील धुळीस चिकटून राहतात. भय होतें आगीचें. पदरीं आला फुफाटा.

हा फुफाटा घरांतील सर्वांच्या वांट्यास सारखा येत नाहीं, आणि हाच या विषयांतील मुख्य मुद्दा होय. २००६ सालीं कॅलिफोर्नियांतील एका कुटुंबाच्या रक्ततपासणीचे आंकडे प्रसिद्ध झाले. वडील ३५ वर्षांचे, आई ३७ वर्षांची, मुलगी ५ वर्षांची व मुलगा १८ महिन्यांचा. घर एकच, तथापि ब्रोमिनयुक्त अग्निरोधकांचें प्रमाण मुलांच्या रक्तांत आईबापांच्या दुपटीपासून पांचपटीपर्यंत भरलें. चौघांवरून सिद्धान्त होत नाहीं, हें खरें. परंतु २००९ सालीं ऑस्ट्रेलियांतून निरनिराळ्या वयोगटांचे आंकडे आले, त्यांतहि सर्वांत अधिक प्रमाण अडीच ते तीन वर्षांच्या मुलांत आढळलें. कारण उघड आहे. मोठीं माणसें खुर्चीवर बसतात. मूल जमिनीवर रांगतें. आपण हात धुवून जेवतों. मुलाचा हात दिवसांतून शंभर वेळां तोंडांत जातो. शिवाय तेवढीच धूळ पांच शेरांच्या देहास जितकी जड, तितकी दोन मणांच्या देहास नसते.

येथें थोडा विवेक केला पाहिजे. कॅलिफोर्नियांत १९७५ च्या नियमामुळें घरोघरच्या कोचांच्या स्पंजांत हीं द्रव्यें घालण्यांत येत असत. २०१३ सालीं तो नियम बदलण्यांत आला. आपल्याकडे घरगुती गाद्यांस तसा नियम नव्हता. म्हणून तिकडील आंकडे आपल्या घरास जसेच्या तसे लावूं नयेत. आमच्या त्या गादींत हीं द्रव्यें होतींच असेंहि आम्ही म्हणत नाहीं. परंतु टीव्ही, संगणक, विजेच्या तारा आणि मोटारी येथेंहि त्याच आहेत. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दिल्ली, मुंबई व कलकत्ता येथील मातांच्या दुधांत हीं द्रव्यें मोजण्यांत आलीं. हें वाचून कोणा मातेनें बाळास पाजणें बंद करूं नये. आईच्या दुधाचे गुण या दोषाहून फार अधिक आहेत, असाच वैद्यकाचा निर्वाळा आहे. उपाय दूध तोडण्याचा नसून द्रव्य तोडण्याचा आहे. स्वीडनमध्यें १९७२ पासून १९९७ पर्यंत मातांच्या दुधांतील हें प्रमाण सुमारें दर पांच वर्षांनीं दुप्पट होत होतें; पुढें या द्रव्यांचा वापर आटोक्यांत येतांच तें उतरूं लागलें.

अपाय काय, असें कोणी विचारील. यांतील कित्येक संयुगांची घडण गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीच्या रसाशीं मिळतीजुळती आहे, आणि गर्भाच्या मेंदूची वाढ त्या रसावर अवलंबून असते. अनेक संशोधनांचा एकत्र विचार करून २०१७ सालीं असा निष्कर्ष मांडण्यांत आला कीं, गर्भावस्थेंत हें प्रमाण दसपट वाढलें तर मुलांचा बुद्ध्यंक सरासरीनें सुमारें ३.७ अंकांनीं कमी आढळतो. एखाद्या विशिष्ट मुलाविषयीं यावरून कांहींच सांगतां येत नाहीं. परंतु शिक्षकाच्या दृष्टीनें पाहिलें तर साऱ्या वर्गाचें एक एक पाऊल मागें पडणें ही लहान गोष्ट नव्हे.

हीं द्रव्यें स्निग्धांशांत मुरतात, म्हणून बारामती-इंदापुराकडील माणसास गाईम्हशींच्या दुधाचा विचार सुचल्यावांचून राहत नाहीं. आमच्या भागांत उसाच्या खालोखाल दुधावरच घरें चालतात. १९७३ सालीं अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत एका कारखान्यांत ‘फायरमास्टर’ नांवाचें ब्रोमिनयुक्त अग्निरोधक आणि ‘न्यूट्रीमास्टर’ नांवाचें गुरांच्या खाद्यांत घालावयाचें मॅग्नेशियम ऑक्साइड, असे दोन्ही माल होत असत. नांवें सारखीं, भुकटीहि सारखी. पोतीं बदललीं आणि अग्निरोधक गुरांच्या दावणींत गेलें. गाईंचें दूध आटलें, खूर विचित्र वाढले, वासरें दगावलीं. रसायनशास्त्र जाणणाऱ्या रिक हॅल्बर्ट नांवाच्या शेतकऱ्यानें चिकाटी धरली म्हणून १९७४ सालीं खरें कारण उघडकीस आलें. तोंपर्यंत महिनोन्महिने तें दूध घरोघर गेलें होतें. सुमारें ३०,००० गुरें आणि १५ लाख कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. आणि चाळीस वर्षांनंतरहि तेथील अनेकांच्या रक्तांत तें द्रव्य सांपडलें. तेव्हांचीं मुलें आज प्रौढ झालीं, प्रौढ वृद्ध झाले, पण त्या दुधाची खूण अंगांतून गेली नाहीं. बालपणीं देहांत शिरलेली वस्तु कोठवर सोबत करते, याचें यापरतें दुसरें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

मोटारीचीहि तीच कथा. वैशाख शुद्ध चतुर्दशीस आम्ही सहकुटुंब नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपुरास जातों. दर्शन होईपर्यंत गाडी उन्हांत उभी असते, आणि दार उघडतांच आंतून एक उग्र वास येतो. २०२४ सालीं अमेरिकेंत १०१ मोटारींतील हवेची परीक्षा झाली. शेंकडा ९९ मोटारींत एक क्लोरिनयुक्त अग्निरोधक आढळलें, आणि उन्हाळ्यांत या द्रव्यांचें प्रमाण हिवाळ्याहून बरेंच अधिक भरलें. नाकास येतो तो वास याच द्रव्यांचा असेल असें नाहीं. पण उष्णतेनें तीं अधिक सुटतात हें निश्चित. यंदा आम्हीं चारी दारें कांहीं वेळ उघडीं ठेवलीं आणि मगच मातोश्रींस व मुलांस आंत बसविलें.

आतां उपाय. ते साधे आहेत. केर कोरडा झाडल्यानें धूळ उडते व पुन्हां बसते. म्हणून फरशी ओल्या फडक्यानें पुसावी, टीव्हीच्या मागील धूळहि तशीच टिपावी. मुलाचे व आपले हात खाण्यापूर्वीं साबणानें धुवावे. झडणारा स्पंज मुलापाशीं ठेवूं नये. त्याला सतरंजी किंवा कापसाची गादी बरी. न्यूयॉर्क येथें स्त्रियांच्या एका लहान गटानें कांहीं दिवस हात अधिक वेळां धुतले व घर नेटकें पुसलें. तेवढ्यानें त्यांच्या अंगावरील व अंगांतील या द्रव्यांचें प्रमाण खालीं आलें, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. आमच्या मातोश्री हें ऐकून हंसल्या. बाहेरून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय त्यांनीं आम्हांस कधीं घरांत घेतलें नाहीं. म्हणून आमच्या सोंवळ्यास हें सर्व आधींच ठाऊक होतें, अशी बढाई मात्र कोणी मारूं नये. संवय चांगली होती. कारण आज कळलें, इतकेंच. आणखी एक विनंति. आमच्याकडे अद्याप कित्येक घरीं बंब पेटतो. त्यांत प्लॅस्टिक, थर्मोकोल किंवा स्पंज कदापि घालूं नये. जळतांना त्यांपासून मूळ द्रव्याहूनहि घातक वायु निघूं शकतात.

कायद्यानेंहि कांहीं केलें आहे. स्टॉकहोम करारांत २००९ पासून यांतील अनेक संयुगें निषिद्ध ठरत आलीं, आणि भारत सरकारनें ५ मार्च २०१८ च्या नियमांनीं त्यांपैकीं कित्येकांचें उत्पादन, व्यापार व वापर यांस बंदी केली. विजेच्या व इलेक्ट्रॉनिक उपकरणांसहि मर्यादा आहे: ब्रोमिनच्या दोन मुख्य संयुगवर्गांचें प्रमाण वजनाच्या शेंकडा ०.१ पेक्षां अधिक असूं नये. परंतु कायदा नव्या मालास आवरतो; माळ्यावरचा जुना माल आपणच आवरला पाहिजे.

आणि येथेंच आम्हांस स्वतःची चूक सांगितली पाहिजे. तीन वर्षांपूर्वीं आमचा जुना टीव्ही आम्हीं दारावर आलेल्या भंगारवाल्यास विकला. घर स्वच्छ झालें म्हणून संतोष वाटला. पुढें एकदां सकाळीं फिरावयास गेलों असतां गांवाबाहेर ओढ्याच्या कांठीं एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा तारांचा ढीग पेटवून तांबें काढीत बसलेला दिसला. धूर त्याच्या तोंडावर येत होता आणि तो काठीनें निखारे हलवीत होता. त्या दिवशीं आम्ही नाकास रुमाल लावून पुढें गेलों. आज तें आठवलें म्हणजे वाटतें, त्या ढिगांत आमचीहि तार नसेल कशावरून? आपल्या ओसरीवरील धूळ दुसऱ्याच्या मुलाच्या छातींत भरणें ही स्वच्छता नव्हे. मोडकीं विजेचीं उपकरणें नोंदणी झालेल्या पुनर्चक्रण केंद्राकडेच जावीं, अशी व्यवस्था २०२२ च्या ई-कचरा नियमांत आहे. पैसे चार कमी मिळतील, खेप एक अधिक पडेल, तेवढें सोसावें.

ती गादी अद्याप माळ्यावर पिशवींत घट्ट बांधून ठेवली आहे. ती जाळावयाची नाहीं आणि कोणा गरिबाच्या मुलाखालीं पसरावयासहि द्यावयाची नाहीं, असें आम्हीं व सूनबाईनें मिळून ठरविलें आहे. नातू आतां सतरंजीवर रांगतो. आणि सकाळीं त्याच्यापूर्वीं उठून ओसरी ओल्या फडक्यानें पुसण्याचें काम आम्हीं आपणांकडे घेतलें आहे.