इंजिनातले पाणी गळाले तर : आधी तपास, मग खर्च

ज्या व्यापारी आणि कारागीर बंधूंकडे माल नेण्या-आणण्यासाठी स्वतःची गाडी आहे, त्यांच्यासाठी हा लेख. मी मिस्त्री नाही, कापड-सुताचा व्यापारी आहे. पण एकाच इंजिनासाठी दोनदा पैसे मोजल्यावर या कामाची जी माहिती झाली, ती येथे देत आहे.

गोष्ट २०११ च्या मे महिन्यातली. भिवंडीहून सुताच्या गोण्या मारुती व्हॅनमध्ये भरून मी मालेगावला निघालो होतो. कसारा घाट चढताना गरमीचा काटा वर गेला. मनात म्हटले, इगतपुरी जवळच आहे, तेथे पाहू. थोड्या वेळाने काटा आपोआप खाली आला आणि मी निश्चिंत झालो. या गाडीचे इंजिन सीटखाली असते. सीट इतकी तापली की बसवेना, आणि पुढच्या वळणावर गाडी बंद पडली. मूळ कारण एवढेच की जुना होस पाइप क्लिपपाशी चिरला होता. तो पाइप त्या वेळी दोनशे रुपयांच्या आत मिळत होता.

काटा खाली का आला, हे मला नंतर कळले. गरमी मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे माप सांगतो. पाणी निघून गेले की तो कोरडा पडतो आणि इंजिन जळत असतानाही काटा खाली येतो. म्हणून काटा वर जाऊन अचानक उतरला, तर ती सुटका नव्हे. इंजिनात पाणी उरलेले नाही असे समजावे. त्याच जागी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. अर्धा-पाऊण तास तरी झाकणाला हात लावू नये. रेडिएटरमध्ये पाणी दाबाखाली असते, त्यामुळे ते शंभर अंशांवर उकळत नाही. ०.९ बारचे झाकण असेल तर सुमारे ११८ अंशांपर्यंत ते पाणीच राहते, आणि झाकण फिरवताच वाफ होऊन तोंडावर येते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणेही तितकेच वाईट, त्याने हेडला तडा जातो.

आता खर्च का वाढतो ते पाहू. पुष्कळ गाड्यांत खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. अ‍ॅल्युमिनियम तापले की बिडाच्या सुमारे दुप्पट फुगते. बोल्टांनी आवळलेल्या हेडला फुगायला जागा मिळत नाही, म्हणून ते वाकते. मग मधले गॅस्केट, ज्याला आपले मिस्त्री हेड पॅकिंग म्हणतात, ते जळते किंवा फुटते.

माझी गाडी टो करून एका गॅरेजमध्ये नेली. तेथे पाइप बदलला, हेड खोलून नवे पॅकिंग टाकले आणि साडेतीन हजार घेतले. तीन आठवड्यांत पुन्हा पाणी कमी होऊ लागले. दुसऱ्या उस्तादांनी हेड खोलले, त्यावर पोलादी पट्टी उभी ठेवली आणि मला जवळ बोलावले. म्हणाले, "शेठ, हे बघा, पट्टीखालून उजेड दिसतो." वाकलेल्या हेडवर नवे पॅकिंग बसवले होते. साडेतीन हजार पाण्यात गेलेच, वर सुमारे नऊ हजार लागले, आणि ऐन हंगामात गाडी बारा दिवस उभी राहिली.

म्हणून हेड खोलण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. पाणी बाहेर गळते आहे की इंजिनाच्या आत जाते आहे? आणि इंजिन खरोखर किती तापले होते?

बाहेरची गळती शोधणे सोपे. थंड इंजिनावर रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि काटा उतरतो का ते पाहतात. पाइपांची टोके, रेडिएटरचे सांधे, वॉटर बॉडीच्या खालचे बारीक भोक, या जागा आधी बघाव्यात. त्या भोकातून थेंब येत असेल तर आतले सील गेले. झाकणाचे रबरही तपासावे. त्या लहान वस्तूमुळे पुष्कळांचे पाणी उडून जाते.

बाहेर कोठे ओल नाही आणि तरी पाणी कमी होते, तर संशय पॅकिंगवर घ्यावा. थंड इंजिन सुरू करताच मिनिटाभरात वरचा पाइप दगडासारखा कडक होणे, रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा गोडसर वासाचा धूर, ही लक्षणे. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी त्यात मिसळले आहे, मग इंजिन सुरूच करू नये. ऑइलचा थर तुटून क्रँकची बेअरिंगे खराब होतात. मात्र ऑइलच्या झाकणाखाली थोडी साय दिसली म्हणून घाबरू नये. थंडीच्या दिवसांत गाडी थोडेच अंतर चालली की दमटपणाने तशी साय धरते. मिस्त्री नुसती तीच दाखवून हेड खोलायला सांगत असेल तर आधी कॉम्प्रेशन मोजून मागावे. शेजारच्या दोन सिलिंडरांचे माप कमी आले तर पॅकिंग बहुधा त्या दोहोंच्या मध्ये फुटले आहे. एक निळे रसायनही मिळते. पेट्रोल गाडीत रेडिएटरवरची हवा त्यातून ओढल्यावर ते पिवळे झाले, तर जळलेला वायू पाण्यात येतो आहे.

सिलिंडरमध्ये पाणी साचल्याची शंका असेल तर स्टार्टर मारण्याआधी प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

हेड उतरले की माप स्वतः पाहावे. पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या दिशांनी ठेवून खाली फीलर गेज घालतात. लहान पेट्रोल इंजिनांत मर्यादा बहुधा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात मिळतो. ब्लॉकचा माथाही याच रीतीने मोजावा, हे पुष्कळ गॅरेजमध्ये सोडून देतात. वाकलेले हेड लेथवाल्याकडे फेसिंग करून सरळ करता येते, पण त्यालाही हद्द आहे, पुस्तकातल्या किमान जाडीपेक्षा पातळ झालेले हेड टाकून द्यावे. फेसिंगआधी हेड गरम पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने तडे तपासून घ्यावेत. तडा बहुधा दोन व्हॉल्व्हच्या मध्ये निघतो, आणि तो असेल तर फेसिंगचे पैसे वाया.

बसवताना बोल्टांची भोके कोरडी हवीत. आत ऑइल-पाणी राहिले तर पाना खोटा जोर दाखवतो, कधी ब्लॉकही फुटतो. बोल्ट मधून बाहेर, ठरलेल्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने आवळतात. काही इंजिनांचे बोल्ट ताणले जाणारे असतात, ते दुसऱ्यांदा वापरू नयेत. पाणी ऑइलमध्ये गेले असेल तर ऑइल आणि फिल्टर बदलून, गाडी थोडी चालवून, पुन्हा एकदा ऑइल बदलावे.

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा इलाज आपल्याकडे जुना आहे. बारीक गळती त्याने थांबते, हे खरे. पण तीच हळद रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते आणि इंजिन आणखी तापते. घरापर्यंत पोहोचण्यासाठी ठीक, त्यानंतर सारे धुऊन काढावे. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्लाही घेऊ नये. इंजिन थंड चालते, पेट्रोल जास्त खाते, आणि रोग तसाच राहतो.

कूलंट थंड प्रदेशासाठीच असते, हा आपल्या बाजारातला गैरसमज आहे. त्यातली औषधे आतला गंज रोखतात. बोअरच्या जड पाण्याने क्षाराचा थर धरतो, म्हणून बॅटरीत घालतात तसे शुद्ध पाणी आणि तीव्र कूलंट निम्मे-निम्मे घ्यावे. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालू नये. भरल्यावर हवा काढून घ्यावी आणि पुढचे काही दिवस रोज सकाळी, गाडी थंड असताना पातळी पाहावी. काढलेले जुने कूलंट मोरीत किंवा गटारात ओतू नये, पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून दुकानात तर ठेवूच नये. ते गोड असते आणि विषारी. मुले, मांजरे, शेळ्या त्याला तोंड लावतात.