कानात नाव सांगितले. पण बाळाला ऐकू आले का?

बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्रर्र’ करते आणि नाव सांगते. सोनाराला बोलावून कानही टोचून घेतले जातात. ज्या कानांचे एवढे कौतुक होते, त्यांना ऐकू येते की नाही हे मात्र फार थोड्या घरांत तपासले जाते. माझ्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात येणारी जन्मतः कर्णबधिर मुले बहुधा दोन-तीन वर्षांची होऊन येतात. तीही ‘ऐकू येत नाही’ म्हणून नव्हे, तर ‘अजून बोलत नाही’ म्हणून.

एवढा उशीर का होतो? कारण बहिरेपण डोळ्यांना दिसत नाही. ओठ फाटलेला असेल, पाय वाकडा असेल, तर तो जन्मतःच लक्षात येतो. बहिरे बाळ मात्र चारचौघांसारखेच गुटगुटीत असते, आईकडे पाहून हसते. पहिले काही महिने ते हुंकारही देते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. पुढे बरोबरीची मुले ‘बाबा’, ‘दादा’ म्हणू लागतात आणि हे बाळ गप्प होत जाते. तेव्हा घरातले वडीलधारे सांगतात, ‘याचा बापही असाच उशिरा बोलला.’ वर्ष-दीड वर्ष असेच निघून जाते.

थाळीवर विसंबू नका

पुष्कळ घरांत बाळामागे थाळी वाजवून पाहतात. बाळाने मान वळवली की सारे निश्चिंत! पण बहिरे बाळ नजरेने फार तल्लख असते. आपली सावली हलली, पाळणा हादरला, तरी ते वळून पाहते. शिवाय थोडे ऐकू येणाऱ्या बाळाला थाळीचा मोठा आवाज कळतो, पण आईच्या बोलण्यातले ‘स’, ‘श’ यांसारखे बारीक ध्वनी त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

इथे वेळेला इतके महत्त्व का, ते समजून घेतले पाहिजे. आवाज कान घेतो, पण भाषा शिकतो तो मेंदू. गर्भातल्या शेवटच्या तीन महिन्यांतच बाळ आवाज ऐकू लागते. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू भाषा जितक्या सहज शिकतो, तितक्या सहज पुढे कधीच शिकत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी कर्णबधिर मुलांच्या भाषेचा अभ्यास करून १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचे निदान वयाच्या ६ महिन्यांच्या आत होऊन लगेच उपचार सुरू झाले, त्यांची भाषा उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा ठळकपणे पुढे होती.

हे मी एका घरातच पाहिले आहे. थोरल्या मुलाचे बहिरेपण साडेतीन वर्षांनी कळले. धाकटीची तपासणी त्यामुळे पहिल्याच महिन्यात केली. तिलाही तोच दोष निघाला. पाचव्या महिन्यात तिला श्रवणयंत्र बसले. आज ती चार वर्षांची आहे आणि आजीशी भांडून गोष्ट वदवून घेते. आठ वर्षांच्या दादालाही यंत्र आहे, तो हुशारही आहे. पण त्याला दोन-तीन शब्दांपुढे वाक्य जुळवताना धाप लागते. आई-बाप तेच, दोष तोच. फरक पडला तो तीन वर्षांचा.

तपासणी कशी होते?

‘ओएई’ नावाच्या तपासणीत झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी ठेवून बारीक आवाज सोडतात. निरोगी अंतर्कर्ण त्याला स्वतःच्या क्षीण ध्वनीने प्रतिसाद देतो. यंत्र तो टिपते. सुई नाही, वेदना नाही, काही मिनिटांचे काम. पहिल्या तपासणीत बाळ ‘पास’ झाले नाही, तर घाबरू नये. जन्मानंतर कानात राहिलेल्या चिकट द्रवामुळेही असे होते. मात्र फेरतपासणी चुकवू नये. पुन्हा तसेच आले, तर ‘बेरा’ ही तपासणी करून नेमके निदान करतात.

पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, असे हे १-३-६ चे वेळापत्रक आहे. यापेक्षा लवकर झाले तर उत्तमच.

जन्मतः रडले नाही, फार कमी वजनाचे आहे, अतिदक्षता विभागात राहिले, तीव्र कावीळ झाली, आईला गरोदरपणी रुबेला झाला, घरात कोणी लहानपणापासून बहिरे आहे किंवा आई-वडील जवळच्या नात्यातले आहेत, अशा बाळाची तपासणी टाळूच नये. अतिदक्षता विभागातील बाळाला ‘बेरा’ही करावी, कारण श्रवणाच्या नसेतला दोष ओएईत सुटू शकतो. पण कर्णबधिर मुलांपैकी साधारण निम्म्यांत असे कोणतेच कारण आढळत नाही. म्हणून तपासणी प्रत्येक बाळाची हवी. दर हजार बाळांत १ ते ३ बाळे असा दोष घेऊन जन्मतात.

खर्चाची धास्ती नको. २०१३ साली आपल्या पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. आशाताई किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. श्रवणयंत्राने भागत नसेल, तर अटींत बसणाऱ्या ५ वर्षांपर्यंतच्या बालकांना केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटसाठी साहाय्य मिळते. खुणांची भाषा शिकवायची असली, तरी तीही लवकरच सुरू व्हावी.

पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे. बाळाच्या कानात तेल घालू नये. सहा महिन्यांचे बाळ हाकेकडे वळत नसेल, वर्षाचे होऊनही एखादा शब्द बोलत नसेल, तर थांबू नये, जरी जन्मवेळची तपासणी ठीक असली तरी. मेंदूज्वरासारख्या आजाराने नंतरही बहिरेपण येते. आणि प्रसूतीनंतर घरी निघताना, लसीच्या कार्डाबरोबरच डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘बाळाचे कान तपासले का?’