पायाला चिकटलेलं डांबर
पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या किनाऱ्यांवर काळे, चिकट डांबरगोळे वाहून येतात. समुद्रात सांडलेलं तेल वाऱ्या-लाटांनी घट्ट होऊन ते बनतात. तळव्याला चिकटले की नुसत्या साबणाने हलत नाहीत, कारण डांबर पाण्यात विरघळत नाही. तेलात मात्र सुटतं. खोबरेल चोळा, थोडं मुरू द्या, काळपट ओघळ जुन्या फडक्याने पुसा, मग साबण लावा. पेट्रोल-रॉकेल कातडीला लावू नका, लहान मुलांना तर मुळीच नाही.

कपड्यावरचा डाग बर्फाने कडक करून बोथट सुरीने खरवडा, मग तेल, मग साबण. डाग निघेपर्यंत इस्त्री नको.

रस्त्याच्या कामातलं गरम डांबर अंगावर उडालं तर ओढून काढू नका, कातडी सोलून येते. वीसेक मिनिटं गार पाण्याची धार धरा आणि दवाखाना गाठा.