दंतरोपणातील जोडखांबाचे साहित्य आणि हिरडीचा रंग : एक परिचय

प्रस्तावना :

वांकिडी हे तेलंगणा-महाराष्ट्र सीमेवरील गाव. 2016 पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, आता कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. येथे मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी या चारही भाषा कानावर पडतात. दंतरोपणासाठी मात्र रुग्णाला मोठ्या शहराची वाट धरावी लागते. तेथे त्याच्यासमोर संमतीपत्र येते ते बहुधा इंग्रजीत. 'दात कोणत्या कंपनीचा' आणि 'खर्च किती' हे दोन प्रश्न तो विचारतो. हिरडीखाली काय बसणार आहे हे तो विचारत नाही, कारण त्यासाठी त्याच्याजवळ शब्दच नसतो. समोरचा दात बसवल्यावर हिरडीवर राखी छटा दिसू लागली की तो हसताना ओठ मिटतो. दिवसभर वर्गासमोर उभे राहणाऱ्या शिक्षकाला ही अडचण अधिकच जाणवते. प्रस्तुत लेखात या छटेचे कारण व तिच्यावरील उपाय यांचा थोडक्यात विचार केला आहे.

रोपणाचे तीन भाग :

कृत्रिम दाताचे तीन भाग असतात. जबड्याच्या हाडात बसतो तो स्क्रू म्हणजे इम्प्लांट. वर दिसते ती टोपी म्हणजे क्राऊन. या दोहोंना जोडणारा, हिरडीतून वर येणारा भाग म्हणजे अ‍ॅबटमेंट. त्याला आपण 'जोडखांब' म्हणू. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनचे पेर-इंगवार ब्रॉनेमार्क यांनी 1950च्या दशकात प्रयोगांतून पाहिले आणि 1965 साली पहिल्या रुग्णावर रोपण केले. तेव्हापासून स्क्रूप्रमाणे जोडखांबही प्रामुख्याने टायटॅनियमचाच वापरला जात आला.

रंग का बदलतो ?

हिरडी पूर्णपणे अपारदर्शक नसते. प्रकाशाचा काही अंश तिच्यातून आत जातो व आतील पृष्ठभागावरून परत येतो. नैसर्गिक दाताचे मूळ फिकट असल्यामुळे परतणारा प्रकाश उजळ असतो. टायटॅनियम करडे असल्यामुळे प्रकाश कमी परततो आणि हिरडी राखी, निळसर दिसते. पातळ मलमलीखाली गडद कापड ठेवावे, तसाच हा प्रकार. हिरडी जितकी पातळ, तितकी छटा उघड.

झुरिच येथील युंग व सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्राण्यांच्या जबड्यांवर केलेल्या प्रयोगात सर्वाधिक रंगबदल टायटॅनियममुळे आढळला. हिरडी 3 मिलिमीटर जाड असताना कोणत्याही साहित्याचा फरक डोळ्यांना कळला नाही. 2 मिलिमीटर जाडीला झिर्कोनियाचा फरक दिसला नाही. 1.5 मिलिमीटरला मात्र सर्वच साहित्यांनी रंग बदलला. 2011 मध्ये ब्रेसान व सहकाऱ्यांनी 20 रुग्णांवर सोने, टायटॅनियम आणि झिर्कोनिया यांची तुलना केली. नैसर्गिक दाताजवळच्या हिरडीशी तंतोतंत जुळणारा रंग एकाही साहित्याने दिला नाही, तरी टायटॅनियमचा फरक इतर दोहोंपेक्षा अधिक होता. या अभ्यासात जाडीचा प्रभाव निर्णायक ठरला नाही. म्हणजे 2 मिलिमीटरचा आकडा मार्गदर्शक आहे, अंतिम नियम नव्हे.

साहित्याची निवड :

झिर्कोनिया ही झिर्कोनियम धातूपासून बनणारी पांढरी सिरॅमिक होय. 'झिर्कोन' या रत्ननामाचे मूळ फारसी 'ज़रगून', म्हणजे सोनेरी रंगाचे, या शब्दात सांगितले जाते. 1789 साली क्लाप्रोथ यांनी याच खनिजात झिर्कोनियमचा शोध लावला. टायटॅनियमला नाव देणारेही तेच.

पांढरा जोडखांब सर्वत्र श्रेष्ठ, असे मात्र नाही. सिरॅमिक कठीण असते, पण धातूसारखी वाकत नाही. भिंत पातळ राहिली तर तडकण्याचा धोका असतो. शिवाय कठीण झिर्कोनिया थेट टायटॅनियमच्या स्क्रूत बसवल्यास धातूची झीज होऊ शकते. म्हणून खाली टायटॅनियमचा पाया व वर झिर्कोनिया, असा मिश्र जोडखांब वापरला जातो. टायटॅनियमवर सोनेरी किंवा गुलाबी छटा आणण्याचीही सोय आहे. चघळण्याचा भार सोसणाऱ्या आणि हसताना न दिसणाऱ्या दाढांसाठी साधे टायटॅनियम पुरेसे ठरते. हिरडी फारच पातळ असेल तर टाळूतील ऊती लावून ती जाड करता येते.

आपल्या परिसरात आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराईड अधिक आहे. तेथील लोकांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग असतात. अशा दातांशेजारी शुभ्र टोपी परकी वाटते. दुसरी गोष्ट खर्रा व तंबाखूची. त्याने हिरडी आणि हाड दोन्ही दुबळी होतात. मग जोडखांब कितीही उत्तम असला तरी उपयोग नाही.

समारोप :

वर्गात हा विषय शिकवताना विद्यार्थ्यांना चार प्रश्न मराठीत, उर्दूत वा तेलुगूत विचारायला शिकवावेत : माझी हिरडी किती जाड आहे ? हसताना ती किती दिसते ? जोडखांब कशाचा बसवणार ? तो तुटला तर फक्त तोच बदलता येईल काय ? हे प्रश्न टोपी पक्की बसण्यापूर्वी विचारायचे असतात. नंतर दुरुस्ती अवघड व खर्चिक होते. निर्णय दंतवैद्यकाचाच राहील, परंतु प्रश्न विचारणारा रुग्ण घडवणे हे शिक्षकाचे काम आहे.