कोन्बिनीतले जेवण

जपानमध्ये बहुधा चोवीस तास उघडी असणारी छोटी दुकाने 'कोन्बिनी' म्हणून ओळखली जातात. देशभरात ती पन्नास हजारांहून अधिक आहेत आणि त्यांतली बहुतेक सेव्हन-इलेव्हन, फॅमिलीमार्ट व लॉसन या तीन साखळ्यांची. सेव्हन-इलेव्हन मूळची अमेरिकेतली. तिचे जपानमधले पहिले दुकान १९७४ च्या मे महिन्यात टोकियोच्या तोयोसु भागात उघडले. पुढे १९९१ मध्ये जपानी मालकांनी अमेरिकेतल्या मूळ कंपनीवरच ताबा मिळवला.

प्रवाशाने पहिल्यांदा उचलावी ती ओनिगिरी. भाताच्या या त्रिकोणी मुटक्याभोवती नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला पातळ पापुद्रा असतो. भाताचा ओलावा लागला की नोरी मऊ पडते. म्हणून वेष्टनात तिला प्लास्टिकच्या दोन पदरांमध्ये वेगळे ठेवतात आणि खाताना ती भाताला भिडते. वेष्टनावर १, २, ३ असे आकडे असतात. आधी मधली पट्टी ओढून काढायची, मग दोन्ही कोपरे बाजूला खेचायचे. क्रम चुकला की निम्मी नोरी प्लास्टिकमध्येच राहते. किंमत साधारण दीडशे ते दोनशे येन.

हे जेवण ताजे लागते त्याचे श्रेय बहुतेक ठिकाणी स्वयंपाक्याला नव्हे, वाहतुकीला द्यावे लागते. साखळ्या एकेका भागात दाटीने दुकाने काढतात, जेणेकरून एकच मालमोटार थोड्या अंतरात अनेक दुकाने उरकते. माल दिवसातून अनेकदा येतो, तोही तापमानानुसार वेगवेगळ्या गाड्यांतून. भाताला फ्रीजची थंडी सोसत नाही, तो कडक होतो. म्हणून ओनिगिरी वीस अंशांच्या आसपास ठेवतात आणि सॅलड, दूध त्याहून बरेच थंड. कोणत्या वेळी काय खपले याची नोंद गल्ल्यावरच्या यंत्रात होते आणि पुढची मागणी त्यावरून ठरते. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरची सेइकोमार्ट ही साखळी मात्र अनेक दुकानांत चक्क स्वयंपाकघर चालवते.

शाकाहारी माणसाची येथे खरी परीक्षा. भारतासारखा हिरवा ठिपका पाकिटावर सक्तीचा नाही. अंडी, दूध, गहू, कोळंबी, खेकडा, शेंगदाणे असे ॲलर्जीचे पदार्थ छापणे बंधनकारक आहे. पण ती यादी ॲलर्जीसाठी आहे, शाकाहारासाठी नाही. अडचण दिसणाऱ्या मांसापेक्षा न दिसणाऱ्या माशाची अधिक. बहुतेक रसांचा पाया असलेल्या 'दाशी'त सहसा वाळवलेला बोनिटो मासा असतो, आणि कोंबु या शेवाळाच्या ओनिगिरीतही त्याचा अर्क सापडू शकतो. त्यातल्या त्यात उमे, म्हणजे खारवलेले आंबट फळ, किंवा नुसत्या मिठाची ओनिगिरी बरी. तरी पाकिटावरचा मजकूर मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतरित करून वाचावाच. केळी, दही आणि भाजलेली रताळी यांवर भागवणारे प्रवासी कमी नाहीत.

बेन्तो, म्हणजे जेवणाचा डबा, गल्ल्यावर गरम करून देतात. दुकानातच बसून खाल्ले तर कर दहा टक्के, बाहेर नेले तर आठ. ही तफावत ऑक्टोबर २०१९ पासूनची. पिशवीला जुलै २०२० पासून पैसे पडतात. शिन्कान्सेन या अतिवेगवान रेल्वेत डबा उघडायला हरकत नसते, शहरी लोकलमध्ये मात्र ते बरे दिसत नाही. रस्त्यावर कचरापेट्या फारच कमी, म्हणून रिकामे वेष्टन खिशात ठेवण्याची तयारी हवी.

भरलेल्या कपाटांची किंमतही कोणीतरी मोजतो. मुदत टळलेला माल विकता येत नाही, आणि त्याचा बराचसा तोटा फ्रँचायझी घेतलेल्या दुकानदाराच्या माथी येतो. मुदत संपत आलेले डबे स्वस्तात विकण्यापासून दुकानदारांना रोखल्याबद्दल २००९ मध्ये जपानच्या स्पर्धा आयोगाने सेव्हन-इलेव्हनला ते थांबवण्याचा आदेश दिला. आता सवलतीची चिठ्ठी लावलेले डबे अनेक दुकानांत दिसतात. लगेच खायचे असेल तर कपाटातला पुढचा, मुदत जवळ आलेला डबा घ्या, असे आवाहन २०२१ पासून सरकार आणि या साखळ्या मिळून करत आहेत. पाहुण्यांनीही ते पाळावे. मागे हात घालून ताजा डबा शोधण्याची गरज नाही, पुढचाही तितकाच चांगला असतो.