विश्लेषण : पाचगणीत पक्षी पाहायचे, तर तंबू पठारावर का नको?

पावसाळी धुके ओसरून थंडी सुरू झाली, की शनिवारी सकाळपासून पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते. तंबूतला मुक्काम, रात्री शेकोटी आणि रविवारी सकाळी पक्षिनिरीक्षण, असा दोन दिवसांचा बेत घेऊन पाचगणीला येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पण मोकळ्या पठारावरचा तंबू आणि पक्षिनिरीक्षण या दोन गोष्टींचे फारसे जमत नाही. असे का, आणि हा बेत नीट कसा आखावा?

पाचगणीत इतके वेगवेगळे पक्षी का दिसतात?

याचे मुख्य कारण पाऊस. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून जेमतेम १९-२० किलोमीटर पूर्वेला असलेल्या पाचगणीत तो साधारण एक तृतीयांशावर येतो आणि घाट उतरून वाईला पोहोचेपर्यंत आणखी कमी होतो. त्यामुळे थोड्या अंतरात तीन प्रकारचे अधिवास मिळतात : महाबळेश्वरकडे अंजनी, जांभूळ, पिसा यांचे बुटके सदाहरित जंगल, मध्ये जांभ्या दगडाची उघडी पठारे आणि खाली कृष्णेच्या खोऱ्यातली शेती व धोम धरणाचे पाणी. प्रत्येक ठिकाणचे पक्षी निराळे. जंगलात कुटुर्गा, शिपाई बुलबुल आणि ओढ्याकाठचा शीळकरी कस्तूर. पठारावर चंडोल, तिरचिमणी, टिटवी. धरणाच्या काठी पाणकावळे आणि बगळे. हिवाळ्यात यात पाहुण्यांची भर पडते. धोबी आणि वटवटे येतातच, शिवाय हिमालयात वीण करणारा निळ्या डोक्याचा कस्तूरही पश्चिम घाटात मुक्कामाला असतो.

‘टेबललँड’ खरेच रिकामे आहे का?

पाहणाऱ्याला ते तसे वाटते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून दख्खनचा बेसॉल्ट तयार झाला. पुढे ऊन-पावसाने त्याच्या माथ्याची झीज होऊन जांभ्याचे कठीण कवच बनले. या कवचावर मातीचा थर कुठे बोटभर, तर कुठे तेवढाही नाही. म्हणून तेथे झाडे वाढत नाहीत. पण पावसाळ्यात याच थरात गवते, इवली रानफुले आणि कीटकभक्षी वनस्पती उगवतात, खळग्यांत पाणी साचून बेडकांची वीण होते. सुट्या दगडांखाली पाली, साप आणि देवगांडूळ आसरा घेतात. झाड नसल्याने येथील पक्षी घरटी जमिनीवर करतात. मलबार चंडोल गवताच्या झुबक्याआड, टिटवी उघड्या खडकाळ जागेत. रातवा तर घरटे बांधतच नाही, तो थेट जमिनीवर अंडी घालतो. मातकट रंगामुळे हे पक्षी आणि त्यांची अंडी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. हेच त्यांचे संरक्षण आहे, आणि माणसाच्या पायाखाली येण्याचा धोकाही त्यामुळेच आहे.

तंबूमुळे नेमके काय बिघडते?

एका रात्रीच्या एका तंबूने फार काही होत नाही. पण सपाट, दरी दिसणारी जागा सगळ्यांनाच हवी असते आणि दर आठवड्याला तीच वापरली जाते. माती दाबली जाते, गवत मरते. मूळचा थरच पातळ असल्याने पुढच्या पावसात तो वाहून जातो. तंबू ताणायला किंवा चूल मांडायला आजूबाजूचे दगड उचलले, की त्यांखालच्या जीवांचा आसरा जातो. शेकोटीचा धोका आणखी वेगळा आहे. डिसेंबरपासून गवत वाळते आणि उताराला लागलेला वणवा वाऱ्याबरोबर वर धावतो.

पक्ष्यांसाठी उजेड आणि आवाज हे दोन मोठे प्रश्न. रातवा आणि पिंगळा संधिप्रकाशात व रात्री शिकार करतात. प्रखर दिवे आणि ध्वनिक्षेपक लागले, की ते जागा सोडतात. जमिनीवर अंडी उबवणारी मादी वारंवार उठली, तर अंडी उन्हात तापतात किंवा कावळ्यांच्या नजरेस पडतात. म्हणजे पक्ष्यांसाठी आलेला गट रात्री गाणी वाजवतो, तेव्हा सकाळी जे पाहायचे तेच आदल्या रात्री घालवून बसतो.

नियम काय सांगतात?

महाबळेश्वर-पाचगणी परिसर केंद्र सरकारने १७ जानेवारी २००१ रोजी पर्यावरण (संरक्षण) कायद्यान्वये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. बांधकाम, डोंगरउतार, भूजल आणि ध्वनिप्रदूषण यांबरोबरच खडकरचना, झरे, धबधबे, गुहा अशा नैसर्गिक वारशाचे जतन हाही त्या अधिसूचनेचा विषय आहे. २०२५ मध्ये पाचगणी व महाबळेश्वर येथील दख्खनच्या लाव्हाथरांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. पर्यटकाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी, की पठार, वन विभागाची जमीन आणि खासगी शेत हे तीन वेगळे प्रकार आहेत. वनजमिनीवर परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ नुसार संरक्षित पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना हात लावणे गुन्हा आहे. शिबिराचे पैसे भरण्यापूर्वी जागा कोणाची आहे आणि आयोजकाकडे परवानगी आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत.

मग दोन दिवसांचा बेत कसा आखावा?

मुक्काम पठाराखालच्या गावात, शेतात किंवा कृषी पर्यटन केंद्रात ठेवावा. दांडेघर, खिंगर, गोडवली, अमरळ आणि तायघाट या ज्या पाच गावांवरून पाचगणी हे नाव पडल्याचे सांगतात, ती आजही पठारांभोवतीच आहेत. राहण्याचा पैसा गावात जातो, पाण्याची आणि शौचालयाची सोय होते, शिवाय बांधावर वड-उंबर असेल तर हरियाल हा राज्यपक्षी अंगणातूनही दिसू शकतो.

शनिवारी दुपार टळल्यावर पठारावर जावे, मळलेल्या वाटेनेच चालावे आणि कड्यापासून सुरक्षित अंतर राखून बसावे. तापलेली हवा कड्यालगत वर चढते. तिच्या आधाराने घिरट्या घालणारे शिकारी पक्षी आणि सुसाट पाकोळ्या येथून कधी डोळ्यांच्या पातळीवर, तर कधी चक्क खाली दिसतात. अंधार पडण्यापूर्वी उतरावे. परिसरात गवे आणि बिबट्यांचा वावर असल्याने रात्री एकट्याने फिरू नये, तंबूत खाद्यपदार्थ उघडे ठेवू नयेत.

रविवारी सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास महत्त्वाचे. हे तास महाबळेश्वर रस्त्याकडच्या झाडीत घालवावेत आणि परतताना धोमच्या काठी थांबावे. दुर्बीण ८ x ४२ ची पुरेशी. कपडे मातकट रंगाचे, गट पाच-सहा जणांचा. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. हद्दीत दुसरा नर आला असे समजून तो खाणे-पिणे सोडून प्रतिकाराला येतो. घरट्याचे छायाचित्र आणि नेमके ठिकाण समाजमाध्यमावर टाकू नये.

नोंदी का ठेवायच्या?

पक्षितज्ज्ञ मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर आणि सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर या जन्मदिनांदरम्यान राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. पाचगणीच्या सहलीसाठी हा उत्तम काळ. दिसलेला पक्षी, तारीख, वेळ, जागा आणि संख्या एवढे लिहून ‘ई-बर्ड’सारख्या खुल्या नोंदसंग्रहावर टाकले, तरी ते संशोधकांच्या कामाला येते. उद्या एखाद्या पठारावर वाहनतळ किंवा नवे शिबिरस्थळ करण्याचा विचार झाला, तर ‘तिथे काहीच नाही’ या युक्तिवादाला उत्तर देण्यासाठी चंडोल, टिटवी आणि रातव्याच्या वर्षानुवर्षांच्या अशा तारीखवार नोंदीच लागतील.